काळी चार कोणत्या हाताची

मलकापुरात पियानो आला तो माझ्या वडलांच्या बंडीतून. कापसाच्या प्रेसचा शेवटचा परदेशी मॅनेजर गाशा गुंडाळून निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान गावात पांगलं. पलंग गेले, पंखे गेले, आंघोळीचा टब एका अडत्याने म्हशींना पाणी पाजायला नेला. पियानोला मात्र कुणी हात लावेना. शेवटी तो स्टेशनमागे राहणाऱ्या रिटायर गार्डसाहेबांनी घेतला, आणि न्यायला बंडी मागायला ते आमच्या अडतीवर आले.

वडलांना पेटीचा नाद होता. दर गुरुवारी भजनात त्यांची पेटी असे. त्यामुळे बंडीबरोबर गडी न पाठवता ते स्वतः गेले, आणि शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. खाली सरकीची पोती टाकली, कापसाच्या गाठींचे दोर घेऊन तो पियानो चारी बाजूंनी आवळला, आणि बैल सावकाश हाकत स्टेशनमागे आणला. उतरवून झाल्यावर वडलांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं आणि गार्डसाहेबांना विचारलं, "एवढी मोठी पेटी, साहेब, आन भाता कुठं हाय इचा?"

"याला भाता नसतो," गार्डसाहेब म्हणाले.

"मंग डावा हात काय करते?"

तेवढ्यात गार्डसाहेबांची बायको पुढे आली. तिने झाकण उघडलं आणि उभ्याउभ्याच दोन्ही हातांनी काहीतरी वाजवलं. डाव्या हाताने एक चाल, उजव्याने दुसरीच, आणि दोन्ही एकमेकींशी न भांडता चाललेल्या. वडलांनी टोपी काढून हातात घेतली. ते असं फक्त देवळात करत.

या बाई मूळच्या गोव्याच्या. लहानपणी पियानो शिकलेल्या, मग लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरांमधून फिरत राहिल्या, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या बोटांना पियानोची पट्टी लागली नव्हती. गार्डसाहेबही तिकडचेच, पण भुसावळ-बडनेरा करत उभा जन्म गेल्यामुळे त्यांची भाषा अर्धी आमची, अर्धी हिंदी झाली होती. तरुणपणी ते व्हायोलिन वाजवत. ते मोडलं, पण कागदावरचं संगीत वाचता येत होतं, आणि मत होतं. बंडीचं भाडं वडलांनी घेतलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, "मग तुमच्या मुलीला शिकवीन." वडील लगेच हो म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, गावात नवनवीन पाट्या लागत होत्या, आणि मी शाळा सुटली की स्टेशनमागे जाऊन पट्ट्या बडवत होते. बाईंच्या घरात दोन नियम होते. मालगाडी जात असेल तेव्हा वाजवायचं नाही, कारण तिच्या धडधडीत काही कळत नाही. आणि हातात बांगड्या नकोत, कारण त्या पट्ट्यांवर किणकिणतात. दुसऱ्या नियमावरून माझी माय बरेच दिवस धुसफुसत होती.

मला सूर वडलांच्या पेटीतूनच माहीत होते. पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक. बाई इंग्रजी अक्षरं सांगत, मी मनात त्यांचं पेटीत भाषांतर करी. त्यामुळे ज्या सुरावरून पुढे एवढं रामायण झालं, तो बाईंच्या पुस्तकात काहीही असला तरी माझ्यासाठी मधल्या सप्तकातली काळी चार होता.

दुसऱ्या वर्षी बाईंनी मला एक संथ तुकडा दिला. कुण्या जर्मन माणसाने लिहिलेला. ऐकायला सोपा, झोपाळ्यावर बसल्यासारखा. पण पहिलं पान संपता संपता एक जागा होती. उजव्या हाताची करंगळी वर एक लांब सूर धरून बसलेली, डाव्या हाताची करंगळी पार खाली एक खोल सूर धरून बसलेली, आणि नेमकी त्याच वेळी मध्ये, दोघांपासून दूर, ही काळी चार वाजायला हवी. सूर लांबवणाऱ्या पायाखालच्या पट्टीचा आधार घ्यावा, तर आधीचे सूर एकमेकांत मिसळून सगळं गढूळ व्हायचं. उजव्याने ती घ्यायला गेलं की वरची करंगळी सुटायची आणि गाणंच तुटायचं. डाव्याने घ्यायला गेलं की खालचा सूर सुटायचा आणि गाण्याच्या खाली खड्डा पडायचा. माझा हात तेव्हा चिमणीएवढा.

"डाव्याने घे, बाय," बाई म्हणाल्या. "उजवा हात गातोय. गाणाऱ्याला मध्येच पाट उचलायला लावायचे नसतात."

आतल्या खोलीतून गार्डसाहेबांचा आवाज आला. "छापलंय वरच्या ओळीत, उजव्या हाताच्या. वरच्या लायनीवरची गाडी वरच्याच लायनीने जाणार. उजव्याने घे, बेटा."

"छापणाऱ्याला जागा नव्हती म्हणून वर छापलं," बाई म्हणाल्या.

"सांधेवाला म्हणतो जागा नव्हती, म्हणून गाडी सोडली तिसऱ्याच रुळावर. पुढे काय होतं, ठाऊक आहे ना?"

त्या दिवशी एवढंच झालं. पण आठवड्याभरात ते वाढलं. बाई चहा देताना म्हणत, "डाव्या हाताने घ्या," आणि गार्डसाहेब मुद्दाम उजव्याने घेत. जेवताना विषय, चर्चमधून परतताना विषय. मी गेले की दोघं आपापली बाजू मला वेगवेगळी समजावून सांगत, जशी काही मी पंच. आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार मजा येऊ लागली. बाई शेजारी असल्या की मी डाव्याने घेई. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि गार्डसाहेब दारात आले की उजव्याने. दोन्हीकडून शाबासकी मिळे, आणि दोन्ही वेळा ती जागा सारखीच वाईट वाजे.

घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा वडील पेटी पुसत होते. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "डावा हात भात्याचा असते," ते म्हणाले. "त्याले सूर देशीन तं तो भाता इसरन."

"पण बाबा, त्याले भाताच नाही."

"हाव, हे बी खरं हाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मंग नाकानं वाजव."

मी खरोखर दुसऱ्या दिवशी ते करून पाहिलं. नाक पोचतं, पण कागद दिसत नाही.

माझ्यासोबत रोज माझी मैत्रीण येई. ती गल्लीतल्याच मास्तरांची मुलगी, शाळेत माझ्या बाकावर बसणारी. तिला वाजवता येत नव्हतं. ती बाईंच्या घरी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून गणितं सोडवी आणि अधूनमधून डोकं वर करून म्हणे, "हे मंघापेक्षा खराब वाजलं." तिचा कान चांगला होता.

एके दिवशी बाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि गार्डसाहेब आत पडले होते. मैत्रीण हळूच म्हणाली, "काय व, त्याईले ऐकून समजते काय, कोनता हात हाय ते?"

मला ते सुचलंच नव्हतं. मी मोठ्याने ओरडले, "साहेब, उजव्याने वाजवते, ऐका," आणि डाव्याने वाजवलं.

"बघ किती साफ," आतून आवाज आला. "हे खरं वाजवणं."

मग मी मागच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "बाई, आता डाव्याने," आणि उजव्याने वाजवलं. बाई ओलं लुगडं हातात घेऊन दारात आल्या. डोळे मिटून त्यांनी शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकलं. "हं. आता ते शांत वाटतं," त्या म्हणाल्या, आणि लुगडं पिळायला परत गेल्या.

माझ्या मैत्रिणीने तोंडात वहीचं पान कोंबलं होतं. मी पट्ट्यांवर डोकं टेकलं, आणि त्यातून जो आवाज निघाला त्याबद्दल दोन्हीकडून रागावणं ऐकलं. पण त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट पक्की कळली. दोघांच्याही कानाला हात दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तेवढाच.

नाताळ जवळ आला. बाईंनी ठरवलं की यंदा अंगणात माणसं बोलवायची आणि मी तो तुकडा वाजवायचा. पियानो ओसरीवर आणला. कापसाचा हंगाम चालू होता, हवेत तंतू उडत होते, गार्डसाहेब ब्रश घेऊन पट्ट्यांमधला कापूस काढत बसत आणि काढता काढता म्हणत, "लोकांसमोर तरी बरोबर हाताने वाजव, बेटा." बाई भिंतीपलीकडून म्हणत, "ती बरोबरच हाताने वाजवणार आहे." शेवटी दोघांमध्ये एक करार झाला. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही माझ्या शेजारी उभं राहायचं नाही. बाई डाव्या अंगाला बसणार, साहेब उजव्या अंगाला. मी काय करते ते दोघं पाहणार आणि मग आयुष्यभर तो विषय काढणार नाहीत.

पान उलटायला कोण, हा प्रश्न आला. ती काळी चार पहिल्या पानाच्या अगदी तळाशी होती, म्हणजे तिथेच पान उलटायचं. तटस्थ माणूस हवं म्हणून माझ्या मैत्रिणीचं नाव पुढे आलं. तिला कागदावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी मान हलवली की तिने पान उलटायचं, एवढंच काम.

घरी जाताना मी तिला म्हणाले, "मी कोनताबी हात लावला तरी एकजण रुसणार."

"मंग तू लावूच नको," ती म्हणाली. "मी लावतो."

आम्ही ते आमच्या घरी पेटीवर बसवलं. ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहणार, डाव्या हाताने पान उलटणार, आणि त्या हाताच्या आड उजव्या हाताचं एक बोट काळ्या चारवर ठेवणार. सूर तिला पेटीवर ओळखीचा होताच. अडचण एकच, हात दिसला तर. त्यावरही तिनेच तोड काढली. नाताळच्या दिवशी ती आईचं पातळ नेसून आली. मोरपंखी रंगाचं, पदर एवढा मोठा की तो सावरण्यातच तिचा अर्धा जीव जात होता. वाकली की तो पदर खांद्यावरून घसरून पट्ट्यांवर पडे. आरशासमोर आम्ही तो किती घसरायला हवा याचीही तालीम केली.

दुपारी अंगण भरलं. स्टेशनमास्तर, दवाखान्यातले डॉक्टर, आमच्या शाळेचे हेडमास्तर, दोन-चार अडते, भुसावळहून आलेले बाईंचे नातेवाईक. माझी माय पुढे बसायला तयार नव्हती, ती तुळशीपाशी बसली. वडील मात्र अगदी ओसरीच्या पायरीवर, पेटीवाल्याच्या हक्काने. बाई ठरल्याप्रमाणे डावीकडे, साहेब उजवीकडे, दोघांच्याही माना पुढे.

मी सुरू केलं. तुकडा चालला. झोपाळा हलत होता. पान संपत आलं. मी मान हलवली. मैत्रीण वाकली, पदर घसरला, पान फडफडलं, आणि मध्ये ती काळी चार वाजली. माझ्या दोन्ही करंगळ्या आपापल्या जागी बसलेल्या, वर गाणं अखंड, खाली आधार अखंड, आणि मध्ये तो सूर. तो तसा असतो हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पुढचं दुसरं पान मी कसं वाजवलं ते मला आठवत नाही.

टाळ्या झाल्या. बाई उठून उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाहिलंत ना? डावा."

गार्डसाहेब हसले. "डावा खालीच होता. मी डोळ्यांनी पाहिला. उजव्याने घेतला तिने."

"उजवा वरून हललाच नाही. मी डोळे मिटले नव्हते."

करार तिथेच मोडला. डॉक्टर एकाच्या बाजूने, हेडमास्तर दुसऱ्याच्या. स्टेशनमास्तर म्हणाले, चौकशी बसवा. मी खाली पाहत बसले, आणि माझी मैत्रीण कधीच सटकून फराळाच्या ताटाशी पोचली होती. गोव्याच्या करंज्या असतात, नेवऱ्या म्हणतात त्यांना, त्यातली एक अख्खी तिने तोंडात घातली होती.

वडील तेव्हा पायरीवरून बोलले. आवाज अगदी साधा. "बाई, साहेब, तुमी दोघंई खरं बोलून राह्यले. डावा खालीच होता, आन उजवा वरच होता. मधात जे बोट आलं, त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ते नियमाप्रमाणे रिकामे होते. मग सगळ्यांनी ताटाशी उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. पातळाला शोभाव्यात म्हणून भरलेल्या चुड्याचा हात तिने पाठीमागे नेला. गाल फुगलेले असल्याने तिला काही बोलता येत नव्हतं.

गार्डसाहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "पुन्हा वाजव. एकटीने."

मी वाजवलं. पान मीच उलटणार होते. ती जागा आली, आणि मला एका बाजूला बाई दिसल्या, दुसऱ्या बाजूला साहेब. मी ती काळी चार वाजवलीच नाही. सरळ पुढे गेले.

"सूर कुठे गेला?" दोघं एकदम म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते.

"मी दाखवतो," साहेब म्हणाले आणि बाकावर येऊन बसले. "उजवा हात मी वाजवीन. तू बस डावीकडे. बघू कुणाला सापडतो."

बाई आधी नको म्हणाल्या. मग चष्मा पुसून बसल्या. एका बाकावर दोघं, साहेब वरचं वाजवणार, बाई खालचं. साहेबांची बोटं जाड होती आणि अडखळत होती, बाई त्यांच्यासाठी थांबत थांबत येत होत्या. ती जागा आली. साहेबांचा अंगठा पुढे झाला आणि थांबला. बाईंचा अंगठा पुढे झाला आणि थांबला. काळी चार वाजली नाही.

"तुमचा होता ना?" बाई म्हणाल्या.

"मी तुझ्यासाठी सोडला."

"म्हंजे आता कोनाचाच नाही," पायरीवरून वडील म्हणाले.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. या खेपेला दोघांनीही ठरवून घेतला. दोन अंगठे एका पट्टीवर आदळले, बाईंचं नख साहेबांना लागलं, आणि आतापर्यंत गंभीर असलेल्या बाई पट्ट्यांवर वाकून हसायला लागल्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता. तुळशीपाशी बसलेली माझी मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच शिकायला गेले, मैत्रीण दाराबाहेर थांबली. बाईंनी तिला आत बोलावलं. पियानोचं झाकण बंद केलं, त्यावर माझा हात ठेवून बोटं ताणली, मग तिचा हात ठेवून ताणली. तिचे पंजे माझ्याहून बरेच मोठे होते, ते तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"हात बघून ठरवायचं असतं," बाई म्हणाल्या. "पुस्तक बघून नाही, आणि नवरा बघून तर मुळीच नाही. माझं चुकलं. मी माझा हात बघून सांगत होते." मग मला म्हणाल्या, "तुझ्या हाताने तो डाव्यानेच जमेल. खालचा सूर जरा लवकर सोड, मी पायाची पट्टी नेमकी कधी दाबायची ते दाखवते." आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "तू उद्यापासून स्टुलावर बसायचं नाहीस."

"मले येत नाही बाई काही," ती म्हणाली.

"एक सूर येतो. पुष्कळ झालं."

ती खरोखर शिकली, आणि वर्षभरात माझ्यापुढे गेली. त्या तुकड्यातली काळी चार ती उजव्याने घेई, अंगठा सहज खाली नेऊन, वरचं गाणं जराही न हलवता. गार्डसाहेब आतल्या खोलीतून "बघ" एवढंच म्हणत, आणि बाई तेवढ्यापुरत्या स्वयंपाकघरात निघून जात. पुढच्या नाताळला तिने वाजवलं आणि पानं मी उलटली. मला आईचं पातळ नेसायची परवानगी बाईंनी दिली नाही.

मला त्याचं वाईट वाटलं का, असं माझी मुलगी कधीकधी विचारते. थोडं वाटलं असेल. पण त्या ओसरीवर तिच्या शेजारी उभं राहून ते ऐकायला मला स्वतः वाजवण्यापेक्षा जास्त आवडायचं, हेही खरं. मैत्रीण पुढे लग्न होऊन अकोल्याला गेली, तिथे तिने हार्मोनियम शिकवली, कारण पियानो कुठून आणणार. मी एकदा तिच्याकडे गेले होते. एक लहान मुलगी पेटीवर बसली होती आणि तिचा डावा हात भाता मारायचं सोडून हळूच पट्ट्यांकडे येत होता. मुलीच्या आईने तो हात मागे ढकलला.

"राहू द्या," मैत्रीण म्हणाली. "येऊन राह्यला तं येऊ द्या त्याले."